‘अ’ची म्हैस

मराठीच्या परीक्षेत ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ नावाचा एक प्रश्न पिढ्यानपिढ्या विचारला गेला. दोन ओळी द्यायच्या. त्या कोणाच्या, कोठल्या, कोण कोणास म्हणाले हे विद्यार्थ्याने सांगायचे, मग अर्थ आणि शेवटी ‘विशेष’. विद्यार्थी असताना आम्ही हे इमानाने लिहिले आणि अध्यापक झाल्यावर तितक्याच इमानाने शिकवले. या साच्याला आम्ही मनातल्या मनात कितीही हसत असलो, तरी त्याने आम्हांला एक सवय लावली होती, आणि ती सवय किती खोल गेली आहे याचा पत्ता आम्हांला चाळिशी उलटल्यावर, एका म्हशीमुळे लागला. पु. लं.ची म्हैस एसटीच्या वाटेत आली होती. ही आमच्या वाटेत आली.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात शिकवतो. आमची एक जुनी विद्यार्थिनी एम. ए. झाल्यावर तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला गेली. तेथे उत्तरे मराठीतून लिहिण्याची मुभा होती, म्हणून ती आमच्याकडे आली. “कायदा मी वाचते सर, पण प्रॉब्लेमला गुण मिळत नाहीत. माझी भाषा बघून द्याल का?” प्रॉब्लेम म्हणजे विधी महाविद्यालयांतला तो प्रसिद्ध प्रश्न: ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यात काहीतरी घडते, भांडण होते आणि खाली छापलेले असते, ‘सल्ला द्या’. भाषा बघून देणे हा आमचा व्यवसायच. आम्ही आनंदाने हो म्हटले.

तिने आणलेला सरावाचा प्रश्न असा होता. ‘अ’ या शेतकऱ्याची म्हैस हरवते. तो आपला सालगडी ‘ब’ याला प्रवासखर्च देऊन शोधायला पाठवतो. ‘ब’ गेल्यावर ‘अ’ आसपासच्या गावांत पत्रके लावतो: ‘म्हैस आणून देणाऱ्यास ५,००० रुपये रोख’. तिसऱ्या दिवशी शेजारच्या तालुक्यातील बाजारात ‘ब’ला म्हैस सापडते. परतीच्या वाटेवर एका चहाच्या टपरीवर त्याला ते पत्रक दिसते. तो म्हैस आणून ‘अ’च्या गोठ्यात बांधतो आणि बक्षीस मागतो. ‘अ’ नकार देतो. ‘ब’ला सल्ला द्या. गुण १५.

तिचे उत्तर जेमतेम अर्ध्या पानाचे होते. ‘ब’ला बक्षीस मिळणार नाही, कारण लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त, १९१३. मग पुन्हा ‘ब’चा प्रसंग, जवळजवळ प्रश्नाच्याच शब्दांत. मग ‘म्हणून ‘ब’चा दावा फेटाळला जाईल’. आम्हांला ते उत्तर फारच उघडेवाघडे वाटले. म्हणून आम्ही त्याला कपडे चढवले. आरंभी कराराचे मानवी जीवनातील स्थान, मग भारतीय करार कायदा, १८७२ याचा परिचय, प्रस्ताव आणि स्वीकार यांच्या व्याख्या, मग निवाडा, शेवटी श्रम आणि न्याय यांविषयी चार गंभीर वाक्ये. एवढ्यावर आम्ही थांबलो नाही. उत्तरात गोष्ट पुन्हा सांगू नये, हे आम्ही आयुष्यभर सांगत आलो आहोत; कथानक सांगितले की रसग्रहण संपते. तेव्हा तिच्या उत्तरातील कथानक आम्ही लाल शाईने छाटले. बाजार गेला, तीन दिवस गेले, चहाची टपरी गेली. उरले ते एवढेच: ‘सदर प्रकरणात ‘ब’ याने हरवलेले जनावर शोधून दिले’.

परीक्षेत जवळपास याच जातीचा प्रश्न आला, फक्त म्हशीऐवजी कागदपत्रांची पिशवी आणि सालगड्याऐवजी पेढीवरचा कारकून. तिने आमच्या वळणाचे उत्तर लिहिले. १५पैकी ३ गुण मिळाले आणि चार गुणांनी विषय राहिला.

तिने शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली आणि ती घेऊन आमच्याकडे आली. तिने तक्रार केली नाही, ते अधिक अवघड होते. आमच्या प्रस्तावनेला परीक्षकाने हातही लावला नव्हता. नियम आणि निवाडा यांच्यापुढे एकेक बारीक बरोबरची खूण होती. ‘सदर प्रकरणात’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या एकमेव वाक्यापुढे मात्र समासात एकच शब्द होता: ‘मग?’

हा शब्द आम्हांला लागला. कोणत्याही परीक्षकावर रागावण्याचा आमचा धंद्यासिद्ध हक्क आम्ही त्या संध्याकाळपुरता बजावून घेतला. दुसऱ्या दिवशी विधी महाविद्यालयात शिकवणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांना म्हशीच्या उत्तराचे दोन्ही कागद दाखवले, तिचे मूळ उत्तर आणि आमचे सुधारित. त्यांनी आमची प्रस्तावना एका दमात ओलांडली, लाल शाईपाशी थांबले आणि विचारले, “टपरी का खोडलीत?”

आम्ही म्हणालो, तपशील होता.

ते म्हणाले, “प्रश्नात दुसरे काही असतेच कुठे?”

पुढचे दोन तास त्यांनी आम्हांला जे समजावले ते विधीच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी सांगितले जाते. मुद्दा, नियम, उपयोजन, निष्कर्ष. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून त्याला ‘आयरॅक’ म्हणतात. हा क्रम ऐकताना आम्हांला वाटले, हा तर आणखी एक ‘संदर्भासह स्पष्टीकरण’. आणि पुष्कळ विद्यार्थी त्याचा तसाच वापर करतात हेही त्यांनी मान्य केले. चार ठळक मथळे घालायचे, पहिल्या दोहोंखाली पाठ केलेला मजकूर ओतायचा, ‘उपयोजन’ या मथळ्याखाली ‘वरील नियम प्रस्तुत प्रकरणास तंतोतंत लागू होतो’ असे लिहायचे आणि निष्कर्षाकडे पळायचे. गुण बहुतेक तिसऱ्या खोलीत ठेवलेले असतात आणि विद्यार्थी त्या खोलीच्या दारावरची पाटी वाचून परत येतो. (‘उपयोजित मराठी’ नावाची अभ्यासपत्रिका आम्ही कैक वर्षे शिकवत आहोत. उपयोजन म्हणजे काय, हे आम्हांला तेथे कोणी विचारले नाही, हे भाग्यच.)

उपयोजन म्हणजे काय हे त्यांनी म्हशीवरच करून दाखवले. पत्रक हा सर्व जगाला उद्देशून केलेला प्रस्ताव. येथे इंग्लंडमधील १८९२चा कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी हा निवाडा सांगता येईल, पण एका वाक्यात. औषधी गोळा नाकाशी धरूनही फ्लू झालेल्या त्या बाईंची हकीगत दीड पान लिहिण्याचा मोह विद्यार्थ्यांना आवरत नाही, कारण ती सुरस आहे आणि पाठ आहे. येथे तो मुद्दा वादाचाच नाही. जो वादाचा नाही तो दोन ओळींत मिटवायचा. करार कायद्याचे कलम ८ सांगते की प्रस्तावातील अटी पुऱ्या करणे हाच स्वीकार. मग प्रश्न उरतो: अटी पुऱ्या केल्या तेव्हा ‘ब’ला प्रस्ताव ठाऊक होता काय?

येथे लालमन शुक्लाची गोष्ट येते. ती सर्व विधी-विद्यार्थ्यांना माहीत असते; साहित्याच्या वाचकांनाही माहीत असावी अशी आहे. कानपूरच्या गौरी दत्तांचा पुतण्या घरातून नाहीसा झाला. पेढीवरचा मुनीम लालमन शुक्ला याला खर्च देऊन हरिद्वारकडे शोधायला धाडले. तो गेल्यावर मालकांनी ५०१ रुपयांच्या बक्षिसाची पत्रके काढली. लालमनला मुलगा ऋषिकेशला सापडला. त्याला दोन मोहरा आणि परतल्यावर वीस रुपये मिळाले. तो पुन्हा कामाला लागला. सुमारे सहा महिन्यांनी नोकरीवरून काढल्यावर त्याने बक्षिसाच्या रकमेसाठी दावा लावला आणि तो हरला. ज्या प्रस्तावाची माहितीच नाही त्याचा स्वीकार होत नाही. शिवाय मुलाला शोधणे हे त्याने सेवक म्हणून आधीच अंगावर घेतलेले काम होते.

आमच्या विद्यार्थिनीने या निवाड्याचे नाव बरोबर लिहिले होते, निष्कर्षही बहुधा बरोबर होता. तरी गुण का नाहीत? “कारण,” स्नेही म्हणाले, “‘ब’ लालमन नाही. लालमनच्या गोष्टीत टपरी नाही.”

आता टपरीचे काय ते पाहा. ‘ब’ला म्हैस सापडली तेव्हा त्याला पत्रक ठाऊक नव्हते. गोठ्यात म्हैस बांधली तेव्हा ठाऊक होते. मधे टपरी आहे. तेव्हा प्रश्न असा होतो की बक्षीस कशाबद्दल होते, शोधण्याबद्दल की आणण्याबद्दल? पत्रकातील शब्द आहेत ‘आणून देणाऱ्यास’. ‘शोधणाऱ्यास’ असते तर अट बाजारातच पुरी झाली असती आणि ‘ब’ लालमनच्या शेजारी जाऊन बसला असता. ‘आणून देणाऱ्यास’ म्हटल्यावर अट गोठ्यापाशी पुरी होते, आणि तोवर ‘ब’ने पत्रक वाचलेले आहे. सगळा मुद्दा एका संयुक्त क्रियापदावर लटकलेला आहे. ‘देणे’ हे येथे केवळ सहायक की ‘आणणे’ आणि ‘देणे’ या दोन स्वतंत्र क्रिया, यावर आम्ही वर्गात तासभर बोलू शकलो असतो. व्याकरण आम्हांला येत होते. ते वापरायची जागा आम्ही स्वतःच्या हाताने खोडली होती.

त्या रात्री आम्हांला जी गोष्ट आठवली ती आठवायला हवी होती एम. ए.च्या पहिल्या वर्षाच्या अध्यापकांना, म्हणजे आम्हांलाच, कितीतरी आधी. केसोबासांचा ‘दृष्टांतपाठ’. आरंभी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे, दार्ष्टांतिक केसोबासांचे. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांचा दृष्टांत सगळ्यांना आठवतो, आणि सूत्रही अनेकांना पाठ असते. दार्ष्टांतिकावर मात्र आम्ही वर्षानुवर्षे एक ओळ बोलून पुढे गेलो: ‘येथे दृष्टांताचा अर्थ स्पष्ट केला आहे’. केसोबासांनी तिसरा भाग का लिहिला असेल, असा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही. सूत्र आणि दृष्टांत शेजारी शेजारी ठेवल्याने एकमेकांना भेटत नाहीत. दृष्टांतातले काय म्हणजे सूत्रातले काय, हे कोणीतरी बसून एकेक करून सांगावे लागते, आणि ते सांगताना दृष्टांत कोठे लागू पडत नाही हेही उघड होते. न्यायदर्शनाच्या पाच अवयवांतही, प्रतिज्ञा, हेतू आणि उदाहरण झाल्यावर निगमनापूर्वी चौथा ‘उपनय’ येतो: जेथे धूर तेथे अग्नी, स्वयंपाकघरासारखा, हे सांगून झाल्यावर ‘हा पर्वतही तसाच धूर असलेला आहे’ असे स्वतंत्रपणे म्हणावे लागते. उपनय म्हणजे जवळ नेणे. आम्ही वर्गात ‘उपनय’ शब्दाची व्युत्पत्ती सांगून टाळ्या घेतल्या आहेत. ‘सदर प्रकरणात’ लिहून पूर्णविराम देणाऱ्या आमच्या वाक्याने मात्र कशालाच कशाच्या जवळ नेले नव्हते.

(कायद्यातील दृष्टांतांचेही एक कुळ आहे. मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या १८३७च्या दंडसंहितेच्या मसुद्यात कलमांखाली उदाहरणे घालण्याची रीत होती. ती १८६०च्या भारतीय दंड संहितेत आली, करार कायद्यातही आहे, आणि १ जुलै २०२४पासून दंड संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेतही टिकली. परीक्षेतला ‘अ’ त्याच घराण्यातला. त्याला जात, गाव, चेहरा काही नसते, असे आम्ही विनोदाने म्हणत असू. पण त्याला एक चहाची टपरी असते.)

पुढच्या रविवारी ती आली तेव्हा आम्ही उत्तर दुरुस्त करण्याचे नाव काढले नाही. प्रश्न समोर ठेवला आणि प्रत्येक तथ्याखाली तिलाच रेघ मारायला सांगितली: हे येथे का आहे? प्रवासखर्च का दिला? ‘गेल्यावर’ पत्रके लावली, ‘आधी’ का नाही? सालगडीच का, शेजारी का नाही? एका तथ्याचे उत्तर सापडले नाही: शेजारचा तालुका. स्नेह्यांनी सांगून ठेवले होते की निरुपयोगी तथ्यही मुद्दाम घातलेले असू शकते, तेव्हा त्यावर फार वेळ घालवू नये. मग मुद्दे सुटे केले. आम्ही सगळे एकाच समजुतीत होतो, की प्रस्तावनेपासून समारोपापर्यंत उत्तर एकसंध असावे. ते येथे घातक ठरते. पत्रकाची माहिती हा एक मुद्दा आणि सेवकाचे पूर्वीचे बंधन हा दुसरा. प्रत्येकाचा नियम वेगळा, तथ्ये वेगळी, आणि पहिल्यात ‘ब’ जिंकूनही दुसऱ्यात हरू शकतो. दोन्ही एकाच परिच्छेदात कालवले की परीक्षकाला ‘मग?’ लिहिण्यावाचून गत्यंतर नसते.

दुसऱ्या मुद्द्यावर आल्यावर ती लिहायची थांबली. म्हणाली, “मॅडम, माझे आजोबा सालगडी होते.” आमच्यापैकी एकीला हे ठाऊक होते, दुसऱ्याला नव्हते. पहिल्यांदा उत्तर लिहिताना तिला ‘ब’ला बक्षीस मिळावे असे वाटत होते, पण निवाडा विरुद्ध होता, म्हणून तिने घाईघाईने दोन ओळींत त्याला हरवून टाकले आणि सुटका करून घेतली. आम्ही तिच्या उत्तराच्या शेवटी श्रमाच्या प्रतिष्ठेवर जी चार वाक्ये घातली, ती वाचून तिला बरे वाटले होते. ती वाक्ये ‘ब’च्या काडीच्याही कामाची नव्हती.

“आजोबांचे साल पाडव्याला ठरायचे,” ती सांगू लागली. “पाडवा ते पाडवा. किती धान्य, किती रोख, कपडे, वहाणा, सगळे बोलून. कोणाकडे नांगर, कोणाकडे जनावरे, तेही बोलून. जनावरे ज्याच्याकडे नाहीत त्याने रात्री गोठ्यात झोपायचे नाही. तेवढ्यावरून भांडणे व्हायची.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमच्या आधी तीच म्हणाली, “म्हणजे ‘ब’चे साल कशाचे होते हे प्रश्नात सांगितलेलेच नाही.”

मग तिने जे लिहिले त्यात श्रमप्रतिष्ठेचा शब्द नव्हता. लिहिले ते असे, की लालमन शुक्लामध्ये सेवकाने मुलाला शोधण्याचे काम स्वीकारलेले होते आणि तेच त्याचे बंधन ठरले; येथेही ‘ब’ने प्रवासखर्च घेतला व तो निघाला, हे तथ्य ‘अ’च्या बाजूचे आहे. परंतु सालात गुरांची जबाबदारी ‘ब’वर नव्हती असे दाखवता आले, तर शोधाचे हे काम सालाबाहेरचे होते आणि त्याचा मोबदला वेगळा ठरलेला नव्हता असे म्हणण्यास जागा आहे. जबाबदारी असेल तर ती जागा उरत नाही. तथापि काम सालाबाहेरचे असले तरी ते पत्रकापूर्वी स्वीकारलेले होते, हा आक्षेप शिल्लक राहतो. निष्कर्ष: ‘ब’चा दावा टिकण्याची शक्यता कमी, सालाचा तोंडी करार आणि त्याचे साक्षीदार यांची माहिती त्याने प्रथम द्यावी.

हा सल्ला होता. प्रश्नात ‘चर्चा करा’ नव्हे, ‘सल्ला द्या’ म्हटले होते, हे आम्हांला तेव्हा ऐकू आले. सल्ला कोणाला तरी द्यायचा असतो; तो समोर बसलेला असतो, त्याला म्हैस, पत्रक आणि ५,००० रुपये यांपलीकडे मानवी जीवनातील कराराच्या स्थानाशी कर्तव्य नसते. तथ्य कमी असेल तर ते आपण मनाने घालायचे नाही. ते असते तर काय आणि नसते तर काय, एवढे सांगून पुढे जायचे. आम्ही कवितेच्या बाबतीत हे पाळतो असे समजत होतो.

उत्तर किती वेळात लिहिले हे तिने घड्याळात पाहिले: पन्नास मिनिटे. परीक्षेत १५ गुणांच्या वाट्याला सत्तावीस मिनिटे येतात, १०० गुणांना तीन तास या हिशेबाने. तेव्हा पुढचे सहा रविवार आम्ही फक्त कापाकापी केली. या वेळी लाल शाई तिच्या हातात होती. व्याख्या अर्ध्या झाल्या, कार्लिलबाई एका वाक्यात आल्या, ‘सर्वप्रथम हे पाहणे आवश्यक ठरते की’ ही आमची देणगी समूळ गेली. टपरी राहिली.

तिने पुन्हा परीक्षा दिली आहे, निकाल लागायचा आहे. या सत्रात आम्ही ‘दृष्टांतपाठ’ शिकवताना विद्यार्थ्यांना सूत्र आणि दृष्टांत दिले, दार्ष्टांतिक झाकून ठेवले आणि ते स्वतः लिहायला सांगितले. चाळीसपैकी बहुतेकांनी लिहिले की येथे दृष्टांताचा अर्थ स्पष्ट केला आहे. समासात आम्ही काय लिहिले असेल ते वाचकांनी ओळखलेच असेल.

‘ब’च्या बाबतीत मात्र आम्हां दोघांत अद्याप एकमत नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, सापडलेली म्हैस घेऊन निघाल्यावर ‘ब’ ती आणणारच होता, मग टपरीवर पत्रक वाचले काय आणि न वाचले काय. दुसरीचे म्हणणे, पाच हजारांची म्हैस हातात आहे हे कळल्यावरही जो वाटेत ती न विकता गोठ्यापर्यंत आणतो, त्याने टपरीनंतर काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. आम्ही हे स्नेह्यांना विचारले. ते म्हणाले, दोन्ही लिहा, आठ मिनिटांत.